कामाकडची सायकल

हिल्केच्या सायकली दोन. घरापासून मेपलच्या स्टेशनापर्यंत चांगली, आणि गाडीतून झ्वोलला उतरलं की तिथून वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरापर्यंत खटारा. आमच्याकडे सगळ्यांचं असंच. परगावच्या स्टेशनात रात्रभर चांगली सायकल कोण ठेवणार? ही खटारा मूळची तिच्या नवऱ्याची, वोबेची. तो झ्वोलच्या छापखान्यात होता. निवृत्त झाल्यावर त्याने ती हिल्केला देऊन टाकली.

तर ही खटारा एका गुरुवारी सकाळी जागेवर नव्हती. हिल्के ती स्टेशनाच्या तळघरातल्या सायकलतळावर जिन्याखालीच लावायची. सगळा तळ पालथा घातला, तेव्हा पार पलीकडच्या टोकाला सापडली. कुलूप लावलेलं, सगळं जिथल्या तिथे.

पुढच्या गुरुवारी परत तेच!

"काय बाई, आजपण?" तळावर राखणीला असणारा द्रिस हसला. "सायकलीला पाय फुटले वाटतं!"

"तुला हसू येतंय, इथे माझा जीव जातोय," हिल्के म्हणाली, आणि ते खरंच होतं.

तिच्या आईचं असंच सुरू झालं होतं. याच वयात, बाजारात सायकल विसरण्यापासून. शेवटी शेवटी ती हिल्केलाच विचारायची, "तू कुणाची गं?" आता आपली पाळी आली, असं हिल्केने मनाशी धरलं. वोबेला सांगायचं धाडस होईना. टेबलावर ब्रेडवर चीज ठेवताना ती त्याच्याकडे बघणं टाळी, आणि तो आपला विचारी, "गप्प का गं?"

"काही नाही रे. झोप नाही झाली."

एका मंगळवारी संध्याकाळी तिने खटारा सायकलच्या हँडलला लाल लोकर बांधली आणि सायकल जिन्याखाली लावून द्रिसला दाखवली. बुधवार तिचा आजीपणाचा दिवस. लेकीच्या, मारितच्या घरी नातवाला सांभाळायला ती आसेनला जाई. गुरुवारी येते तर लोकर पुन्हा त्या टोकाला! हिल्केला रडूच कोसळलं. तशीच ती सायकलवर चढायला गेली, तर पाय पेडलपर्यंत पोचेनात.

सीट चांगली वीतभर वर केलेली होती.

ती थांबली. बाई सायकल कुठे लावली ते विसरेल, मान्य. पण स्वतःचे पाय लोंबकळतील अशी सीट ती कशाला वर करील? म्हणजे आपलं डोकं ठिकाणावर आहे! हिल्केला एवढं हलकं वाटलं, की तिने द्रिसकडून सीट खाली करून घेताना त्याला खिशातली ज्येष्ठमधाची गोळी दिली. पण मग सायकल नेतं कोण? दुसरी किल्ली तर घरात, वोबेच्या जुडग्यात. वोबे तर घराबाहेर पडत नाही. बुधवारी काय करतोस म्हटलं, की म्हणतो, बाग. डोकं नुसतं भणभणायला लागलं.

पुढच्या बुधवारी तिने आपल्याला ताप आहे अशी थाप मारितला मारली आणि झ्वोलच्या तळावर खांबाआड उभी राहिली.

मेपलची गाडी आली. जिन्यावरून वोबे उतरला. छापखान्याचं निळं जाकीट, बगलेत जेवणाचा डबा. बुधवारी द्रिसच्या जागी बसणाऱ्या पोराला हात केला आणि त्या टोकाला गेला. तिथे सायकल नाही म्हणताच तो गोंधळला, रांगांमधून फिरला, जिन्याखाली ती दिसल्यावर सुखावला. मग खिशातून पाना काढून खाली बसला.

"वोबे?"

त्याने वर पाहिलं. चोरी पकडल्यासारखा दचकला नाही की काही नाही. उलट बरं वाटलं त्याला.

"बरं झालं आलीस. हे बघ, कुणीतरी माझी सायकल भलतीकडे लावतं. आणि सीट! मागच्या वेळी मी वर केली होती, परत खाली. काय माणसं असतात गं!"

इतके दिवस हिल्के ज्या गोष्टीला भीत होती, ती घरातच होती. फक्त टेबलाच्या पलीकडे बसत होती.

"नाही करणार कुणी आता," ती कशीबशी म्हणाली. "मी बघते."

"चल, बस मागे. मला उशीर होतोय, सोडतो तुला."

ती कॅरियरवर बसली, लग्नाआधी बसायची तशी, त्याच्या जाकिटाला धरून. छापखाना पाडून तिथे कधीच घरं झाली होती. वाटेतला पूल उतरेपर्यंत त्याला काय सांगायचं, ते तिला ठरवायचं होतं, आणि तिला काहीच सुचत नव्हतं.