निमंत्रणपत्रिकेला जोडलेली प्रत

२००४ च्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी, माझ्या धाकट्या बहिणीने सात महिन्यांपूर्वी इंटरनेटवरच्या एका चर्चेत लिहिलेला मजकूर दुसऱ्याच वेबसाइटवर आला. मूळ चर्चेत तिने टोपणनाव घेतलं होतं. इथे खाली तिचं पूर्ण नाव, हुद्दा आणि शाळा होती.

पोलादपूर तालुक्यातल्या पठारावरच्या एका गावात ती शिक्षणसेवक होती. तीन वर्षं मानधनावर काढायची, मग कायम नेमणूक. चार महिने उरले होते. मजकूर बारा ओळींचा होता: वर्गाचं छप्पर कागदोपत्री दुरुस्त झालं आहे, प्रत्यक्षात पावसाळाभर मुलं देवळात बसतात. ती चर्चा कुणालाही वाचता येत असे. टोपणनावाने लिही, कोण ओळखणार, असं तिला मीच सांगितलं होतं. महाडच्या सायबर कॅफेत बसून मजकूर टाइपही मीच केला होता.

नवी वेबसाइट त्याच गावच्या मुंबईकर मंडळाची होती. शाळेत बाई एकच. मंडळाने ओळखलं.

मी मंडळाच्या सचिवांना मुंबईला फोन केला. "न विचारता उचललंत तुम्ही."

"उचललं कसलं, भाऊ? उघड्यावरच हाय ना ते. अख्खी दुनिया वाचतेय."

"त्यात नाव नव्हतं."

"म्हणून तर आमी घातलं. चोरी करायची असती तर नाव गाळलं असतं. तुमी पेपरवाले गाळता तसं."

त्याच चर्चेतली एसटीच्या बंद फेऱ्यांबद्दलची एक तक्रार मी दिवाळीच्या सुमारास बातमीत घेतली होती. 'प्रवाशांची तक्रार आहे' एवढंच लिहिलं होतं. लिहिणाऱ्याला विचारलं नव्हतं.

"ते पान काढा," मी म्हणालो.

"काढतो, पण कंप्युटरवाला रविवारीच येतो. आणि टेन्शन कशाला घेता? शिमग्याला मॅडमचा सत्कार ठेवलाय. शाल, श्रीफळ. प्रमुख पाहुणे गटशिक्षणाधिकारी. सत्कार कशाचा ते सायबांना कळाया नको? पत्रिकेला प्रिंट जोडून धाडली."

दुसऱ्या दिवशी महाडच्या कोर्टात ओळखीच्या वकिलांना गाठलं. ते म्हणाले, "सगळ्यांना वाचता येतो म्हणून मजकूर सगळ्यांच्या मालकीचा होत नाही. मजकूर तिचाच. नोटीस देऊ. पण ती तिच्या नावाने द्यावी लागेल."

नोटीस दिली नाही.

गुरुवारी पोलादपूरला पंचायत समितीत गेलो. शिक्षण विभागातले कारकून मला ओळखत होते. पत्रिका आली होती, आवक क्रमांक पडला होता, कागद साहेबांच्या टेबलावर होता.

"साहेब काही बोलले?"

"बोलले नाहीत. चष्मा पुसून परत वाचत होते, एवढं पाहिलं."

शनिवारी बहीण महाडला आली. जेवली नाही. "दादा, सत्काराला जाऊ की नको?"

"नाही गेलीस तर गाव रुसेल."

"आणि गेले तर शाल पांघरून घरी बसलेली पहिलीच शिक्षणसेवक मी."

रविवारी पान निघालं. त्याआधी ते आणखी एका वेबसाइटने जसंच्या तसं घेतलं होतं, नावासकट. तिथे कुणाचाच फोन नंबर नव्हता. ईमेल पाठवला. उत्तर आलं नाही.

शिमग्याला ती गेली. पालखी देवळासमोर थांबवून तिचा सत्कार झाला. प्रमुख पाहुण्यांची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी होती. निरोपही आला नाही. सचिवांनी माइकवरून बाराही ओळी वाचून दाखवल्या.

पुढे तीन महिने तिला कोणतंही पत्र आलं नाही. मी दर सोमवारी पंचायत समितीत जात होतो. कारकून नकारार्थी मान हलवत.

जूनअखेर कायम नेमणुकांची यादी फळ्यावर लागली. तिचं नाव होतं. नावापुढे शाळा तालुक्याच्या दुसऱ्या टोकाची होती. यादीत कारणाचा रकाना नव्हता.