हिला चांगल्या हवेसाठी मळ्यावर पाठवलं होतं

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय, माफ करा.

हिचा दमा वाढला म्हणून शहरातल्या काचीगुड्याच्या धुरातून काढून तिला शहराबाहेर, दिलसुखनगरच्याही पुढे, मेहुण्याच्या मळ्यावर पाठवलं. रोज दुपारी बाहेर झाडाखाली बस, असं मीच बजावलं.

पुतणी हवेचं प्रदूषण मोजायचं काम करते, तिने आज संगणकावरचा नकाशा दाखवला. मळ्याची बाजू लालभडक. "काका, शहराचा धूर वाऱ्याने तिकडे जातो आणि उन्हात त्याचा ओझोन होतो, डोळ्यांना न दिसणारा वायू. दुपारी सर्वांत जास्त. दम्याला वाईट."

लगेच हिला फोन करून दुपारी घरातच बस म्हणालो.

खोकतच म्हणाली, "आभाळ निळंशार आहे इथं. तुम्हाला काळजीचाच दमा झालाय."

मी फारसा शिकलेला नाही. तिला कसं पटवू? कुणाला समजत असेल तर उद्या दुपारच्या आत कळवा.