फरशीवर बसलेली बाई

आई बारामतीच्या एका दवाखान्यात होती, तेव्हा एक बाई रोज संध्याकाळी वॉर्डात यायची. गळ्यात काळा दोरा, त्यात छोटा क्रूस. कुणाला हात लावायच्या आधी ती तळवे एकमेकांवर घासून ऊब आणायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही, पण आई बरी झाली त्यात औषधाइतकाच त्या हातांचा वाटा होता, असं मी आजही मानतो.

एकदा माळेगावकडची ऊसतोड करणारी बाई आली. पायाला कोयता लागलेला. नर्सनं तिला जमिनीवरच निजवलं, कारण कोपऱ्यातली रिकामी खाट कुणा पुढाऱ्याच्या पाहुण्यासाठी राखून ठेवली होती.

आमची ही बाई तिच्याशेजारी फरशीवर बसली आणि नर्सला म्हणाली, "सिस्टर, हिला खाट मिळेपर्यंत मी हितनं उठायची न्हाय."

आईनं क्रूसाकडं बोट केलं. "व्हय गं, तुला तुझा देव दिसतो का?"

"हिला खाट मिळाली की दिसंल."

आई आपल्या खाटेवर आम्हालाही टेकू द्यायची नाही. ती कण्हत भिंतीकडं सरकली.

"तवर हिला हितं निजवा," म्हणाली, "मलाबी बघू दे की."