बावखलाला वळसा

पोलीस खात्यात बत्तीस वर्षं काढली. खून, दरोडे, अपहरणं यांच्या फायली आता मनात एकमेकींत मिसळतात, पण वसईजवळच्या गिरीज गावातल्या एका वाडीतली ती दुपार मात्र अजून लख्ख आठवते. माझ्या पत्नीला नोकरीतल्या गोष्टी ऐकायला आवडत. अट एकच असे, "ज्यात कोणी मेलं नाही, अशी सांगा." अशा गोष्टी माझ्याकडे फार नव्हत्या. ही होती, आणि तिने ती मला निदान दहा वेळा सांगायला लावली. गेल्या वर्षी ती गेली. आता ऐकणारं माणूस समोर नाही, म्हणून लिहून ठेवतो आहे. नावं कोणाचीच घालत नाही. माणसं सगळी आसपासच राहतात.

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मी वसईतल्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. मे महिन्यात एक पर्यवेक्षक लेखी तक्रार घेऊन आला. त्याच्या संस्थेकडे बावखलांच्या मोजणीचं सरकारी काम होतं. बावखल म्हणजे आमच्याकडच्या वाड्यांमध्ये, म्हणजे माडा-केळींच्या बागांमध्ये, खोदलेलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाळ्यात ते भरतं आणि मग वर्षभर बागेला पुरतं. अलीकडे बरीच बावखलं बुजवली गेली, म्हणून उरलेल्यांची नोंद करायचं ठरलं होतं. आकाशातून घेतलेल्या चित्रांत ती नीट दिसत नाहीत, वर माडांच्या झावळ्यांचं छप्पर असतं. त्यामुळे काम पायी फिरूनच करायचं होतं. सर्वेक्षकाच्या हातात मोबाइल आणि मनगटावर घड्याळ. त्याने काठाकाठाने एक फेरी मारायची. घड्याळ चाललेली वाट टिपत जाई आणि मोबाइलच्या नकाशावर तिची रेघ उमटे. मग फोटो काढायचा, मालकाचं नाव भरायचं आणि पुढची वाडी गाठायची.

विरारच्या फुलपाड्याला राहणाऱ्या एका चोवीस वर्षांच्या मुलीने डिसेंबरात गिरीजच्या एका वाडीत बावखल नोंदवलं होतं. मे महिन्यात पडताळणी झाली तेव्हा तिथे केळीची बाग निघाली. बागायतदाराने लिहून दिलं होतं की आमच्या वाडीत बावखल कधी नव्हतंच आणि अशी कोणी मुलगी आलीही नव्हती. पर्यवेक्षकाचं म्हणणं असं, की मुलीने घरबसल्या खोटी नोंद केली, तेव्हा फसवणुकीचा गुन्हा दाखल करा.

मी अर्ज चौकशीवर ठेवला आणि मुलीला जबाबासाठी बोलावलं. ती वडिलांना न घेता एकटीच आली. रडली नाही, पण भडकलेली होती.

"सर, मी खरंच गेले होते. फोटो आहे ना. वॉचचा ट्रॅक आहे."

आमचे हवालदार निवृत्तीला टेकलेले, जिभेला मात्र धार. ते म्हणाले, "बाई, फोटोत नुसतं शेवाळ दिसतंय. कुठलंही असेल. आणि मोबाइलचं म्हणाल, तर आमचा भाचा घरात लोळत असतो आणि मोबाइल त्याला काश्मीरात दाखवतो."

"मग वॉचमधल्या स्टेप्स?"

"ते घड्याळ पंख्याला बांधतात म्हणे. पंखा चालतो दहा मैल."

"काका, आमच्याकडे लाइट असते कुठे एवढा वेळ पंखा फिरायला?"

हवालदार हसले. मीही हसू आवरलं. मग विचारलं, "तिथे तुला कोणी पाहिलं का?"

"मालक होते. एक काकू होत्या, त्यांनी घरी वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी दिली. छान होती."

"ती कुठे आहे?"

"खाल्ली ना सर."

"झालं!" हवालदार म्हणाले. "पुरावा पोटात."

उठताना मात्र तिचा आवाज खाली आला. सरकारी नोकरीसाठी तिची निवड झाली होती आणि विरारच्या ठाण्यात चारित्र्य पडताळणी सुरू होती. इथे गुन्हा नोंदला गेला असता, तर तिथल्या कागदावर तो चढला असता. तीन वर्षांचा अभ्यास त्या एका ओळीने वाया गेला असता. "मी खोटं केलं असेल तर टाका सर गुन्हा," ती म्हणाली, "पण आधी एकदा बघून तरी या."

मी लगेच गेलो नाही, हे इथे कबूल करतो. बंदोबस्त होता, बैठका होत्या. मालकाचं लेखी म्हणणं आणि संस्थेचा अहवाल समोर होता, आणि कागद वजनदार दिसत होते. चार दिवसांनी गुन्ह्याचा मसुदा टेबलावर आला तेव्हा मी सहीसाठी पेन उघडलं होतं. तेवढ्यात हवालदार आत आले. ठाण्याच्या फाटकाबाहेर गिरीजची एक भाजीवाली बसायची. तिच्याकडून ते रोज अळू घेत.

"साहेब, बाई टोमणा मारतेय. म्हणते, पोरीला धरायला तुम्हाला वेळ आहे, पाच कोस चालून बघायला नाही."

मी तिला आत बोलावलं. तिने बसायला नकार दिला.

"बावखल होतं का तिथे?" मी विचारलं.

"मी कशाला सांगू? शेजार आहे माझा. उद्या बांधावरून पाणी सोडायचंय मला."

"मग टोमणा का मारलास?"

"टोमण्यावर सही लागत नाही ना साहेब!" एवढं बोलून ती टोपलीकडे परतली.

गावात कोणी जबाब देणार नाही, हे कळलं. जे काही मिळणार ते वाडीतूनच मिळायला हवं होतं. तक्रारीनंतर संस्थेने मुलीचा मोबाइल आणि घड्याळ ठेवून घेतलं होतं, ते मी पर्यवेक्षकाकडून मागवलं. घड्याळ हवालदारांच्या मनगटावर बांधलं. पट्टा शेवटच्या भोकापर्यंत गेला.

"आता माझी नाडी बघून मला सक्तीची रजा देतील," ते म्हणाले.

बागायतदाराने फाटकापाशीच स्वागत केलं. साठीचा, स्वच्छ धोतरातला, बोलण्यात आदबशीर माणूस. ओटीवर खुर्च्या मांडल्या. समोर नारळाचे माड आणि त्यांच्या मधोमध केळी. सगळी केळी एकाच उंचीची, कमरेएवढी. चारी बाजूंचे जुने माड मात्र मधल्या जागेवर झुकलेले होते. पाण्याकाठचा माड उजेडासाठी पाण्यावर झुकतो, हे मला इथे राहून ठाऊक झालं होतं, पण झुकलेला माड म्हणजे पुरावा नव्हे. मोबाइलच्या नकाशावर मुलीची डिसेंबरातली रेघ मी उघडून ठेवली होती. केळींच्या जागेभोवती घोड्याच्या नालासारखी वळलेली. मधल्या भागात एकही पाऊल नव्हतं.

"इथे कधीच तळं नव्हतं?" मी विचारलं.

"कधीच नाही साहेब. वडिलांच्या काळापासून केळीच." मग आमच्या घामाकडे पाहून त्यांनी मागच्या बाजूला हाक दिली, "अरे, बावखलावरच्या माडाची चार शहाळी काढ! तिथली गोड असतात."

हवालदारांची पेन्सिल कागदावर थांबली. मी त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं. बागायतदाराला स्वतःचं वाक्य ऐकूच आलं नव्हतं. पाहुण्याला गोड शहाळं द्यायचं एवढंच त्यांच्या मनात होतं. वीस-पंचवीस वर्षं वाडीत राबलेला, मिठागरांच्या गावचा एक गडी कोयता घेऊन निघाला.

"हवालदार, जा, शहाळी आणू लागा," मी म्हटलं.

ते गड्याच्या मागोमाग निघाले. गडी सरळ केळीतून गेला नाही. तिथे जमीन सपाट होती, वाटेत कसलीच अडचण नव्हती, तरी तो डावीकडे वळला आणि केळींना मोठा वळसा घालून पलीकडच्या माडापाशी पोहोचला. हवालदार धापा टाकत त्याच्या पावलावर पाऊल टाकत होते. माझ्या हातातल्या मोबाइलवर त्यांची नवी रेघ हळूहळू उमटत गेली आणि मुलीच्या जुन्या रेघेशेजारून वळली. हात-दोन हातांचा फरक, वळण तेच. फुलपाड्यात बसून कोणाला हे वळण सुचलं नसतं.

दोघं शहाळी घेऊन त्याच वाटेने परत आले. मी गड्याला सहज विचारलं, "अरे, एवढा लांबून का आलास? मधून यायचं की."

"पान्यातून कसा येनार सायेब?" तो म्हणाला. मग त्याने केळींकडे पाहिलं, मालकाकडे पाहिलं, आणि कोयता पाठीमागे धरला. "भाऊ, मी काय वाईट बोललो?"

आधी हवालदार हसले. मग मी. शेवटी बागायतदारालाही हसू आलं, फार कसनुसं. दाराआडून त्यांची बायको बाहेर आली.

"मी तेव्हाच म्हटलं होतं," ती नवऱ्याला म्हणाली. "पोरगी आपल्या ओटीवर बसून सुकेळी खाऊन गेली. तिच्यावर खोटा आळ घेऊ नका. आता सांगा साहेबांना."

त्यांनी सांगितलं. मुलाला तिथे बंगला बांधायचा होता. बावखलाची नोंद राहिली असती तर परवानगी मिळाली नसती. म्हणून मार्चमध्ये डंपरने माती टाकली, वर केळी लावली आणि मुलगी आलीच नाही असं लिहून दिलं. "एका सर्वेवाल्या पोरीचं काय जाईल, असं वाटलं," ते म्हणाले. काय जाणार होतं ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी शहाळं खाली ठेवलं. मग स्वतःहून म्हणाले, "लिहा साहेब माझा जबाब. सगळा लिहा."

पंचनामा केला, मुलीवरच्या गुन्ह्याचा मसुदा रद्द केला आणि दोन्ही रेघांची प्रत जोडून अहवाल महसूल कार्यालयाकडे पाठवला. पर्यवेक्षकाला विचारलं तेव्हा कळलं की पडताळणीला आलेला माणूस फाटकातूनच केळी पाहून परतला होता. पुढच्या पावसाळ्याआधी बागायतदाराने अर्धं बावखल उकरून मोकळं केलं. उरलेल्या अर्ध्यावर अजून केळीच आहेत असं ऐकतो.

तोवरची तीस वर्षं मी लोकांच्या जिभेकडे लक्ष दिलं होतं, पायांकडे दिलं नव्हतं. माणूस काय बोलायचं ते ठरवून येतो. कुठून चालायचं ते तो ठरवत नाही, त्याच्या पायांना ते ठाऊक असतं. त्यानंतरच्या दोन वर्षांत घटनास्थळी मी आधी गप्प उभा राहून लोक कसे चालतात ते पाहत असे. आणि जागा स्वतः पाहिल्याशिवाय कुठल्याही मसुद्यावर सही केली नाही, मग समोरचा कागद कितीही वजनदार असो.

त्या दुपारनंतर आठवड्याभराने विरारच्या ठाण्याची विचारणा आली: सदर मुलीविरुद्ध आपल्या अभिलेखात काही गुन्हा आहे काय? अशी उत्तरं एरवी हवालदार लिहीत आणि मी खाली सही करत असे. त्या दिवशी कागद मी स्वतःकडे ओढून घेतला. मुलगी योगायोगाने तिचा मोबाइल आणि घड्याळ परत न्यायला आली होती. मी लिहीत असताना ती टेबलाच्या पलीकडून वाचायचा प्रयत्न करत होती.

"सर, 'निरंक' म्हणजे?"

"म्हणजे काहीही नाही. कोरं."

"बस? एवढंच?"

"एवढंच," मी म्हटलं आणि खाली सही केली.