रमाकांत सर आणि फक्कीची रेषा

रमाकांतरावांची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला धक्का बसायला नको. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी आमच्या फुटबॉल क्लबच्या मैदानावर गेलो. मला लेफ्ट विंगला खेळायचं होतं आणि त्या जागेवर रमाकांतराव आधीच उभे होते. कपाळावर गंध, पायात कुणाचे तरी मागून आणलेले बूट. घरी उपाध्येपण असल्याने पहाटे वडिलांबरोबर गंगेवर, म्हणजे आमच्या नाशिकच्या गोदावरीवर, यात्रेकरूंचे विधी उरकून ते तसेच मैदानावर येत. मी हुज्जत घातली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खेळ की तू इथे. मी मधे जातो. तू फक्त चेंडू देत राहा." पुढची दहा वर्षं मी चेंडू देत राहिलो आणि ते गोल करत राहिले. टाळ्या कुणाला मिळाल्या ते सांगायला नको.

आज त्यांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. गौरव समितीने मला विषय ठरवून दिला होता : 'शिखरावर थांबण्याची कला'. समितीतली सगळी माझी माणसं आहेत, त्यांचा मी आदर करतो, पण हा विषय काही माझ्याच्याने लिहून होईना. चार वेळा बसलो, चार वेळा उठलो. सौभाग्यवती म्हणाल्या, "एवढ्या येरझाऱ्या घालताय, त्यापेक्षा जे खरं आहे ते लिहा." तेव्हा खरं लिहितो.

या गौरवग्रंथाच्या मुखपृष्ठावरचं छायाचित्र आपण पाहिलंच असेल. ओझरच्या कामगारांच्या तगड्या संघाविरुद्धचा अंतिम सामना. रमाकांतरावांचे दोन गोल, दोन्ही डोळ्यांचं पारणं फेडणारे. शिट्टी झाली तसे ते मैदानाच्या मधोमध खाली बसले, बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट हातात घेतले आणि अनवाणी चालत फक्कीची पांढरी रेषा ओलांडून बाहेर आले. "आता बास," म्हणाले. तिशीही गाठली नव्हती. पायात दुखणं नव्हतं, घरात अडचण नव्हती. सगळं नाशिक म्हणालं, थांबावं तर असं. मी त्या संध्याकाळी जेवलो नाही. वर्गात पहिला नंबर आला म्हणून कुणी शाळा सोडतं का? हा प्रश्न मी त्यांना तेव्हा विचारला. त्यांनी उत्तर दिलं नाही. मीही विचारायचा थांबलो नाही. या एका बाबतीत आमचं आयुष्यभर जमलं नाही, आणि हे माझं दुखणं गौरवग्रंथात यावं की नाही, याचा निर्णय मी संपादकांवर सोडतो.

त्यानंतर ते प्रशिक्षक झाले आणि त्यांचं हे कार्य सर्वांना ठाऊकच आहे. मी त्यांच्या हाताखाली मदतनीस. पण त्यांची एक रीत होती. ते रेषेच्या आत पाऊल टाकत नसत. "आत खेळणाऱ्याने जावं," एवढंच म्हणत. सगळं शिकवणं बाहेरून, तोंडाने आणि हातवाऱ्यांनी. समोरच्या बाजूला जायचं असलं तर अख्ख्या मैदानाला वळसा घालत. एकदा पलीकडच्या टोकाला एका मुलाचा घोटा मुरगळला. सर धावले, पण रेषेबाहेरून, पूर्ण फेरी मारून, आणि पोचले तेव्हा धापा टाकत होते. तोवर मी आतून सरळ जाऊन बर्फही लावला होता. लोकांना याचं केवढं कौतुक. शहरातल्या दुसऱ्या दोन क्लबांच्या प्रशिक्षकांनीही रेषेबाहेर उभं राहून शिकवायला सुरुवात केली आणि आपल्या मुलांना सांगू लागले की याला शिस्त म्हणतात. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकायची. शिस्त असेल तर चेहरा असा का दिसतो? मुलं खेळायला लागली की सरांचा उजवा पाय जागच्या जागी हलत असे. रेषेशेजारची माती तेवढीच उकरलेली असायची.

त्यांच्या स्वभावाबद्दल सांगायचं तर एकच प्रसंग पुरे. सोमनाथचा. आज हे नाव देशभर ठाऊक आहे. पेठकडच्या पाड्यांवर पोरं त्याच्या नावाचे शर्ट घालून फिरतात. तो सरांना सापडला तेव्हा आश्रमशाळेत शिकत होता. त्याला शहरात आणायचं तर आईबापांची परवानगी हवी, आणि ते दोघं तेव्हा कामासाठी उतरलेले, सायखेड्याकडे कुणाच्या तरी कांद्याच्या शेतात. सर मला स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेले. बांधावर बसून त्यांनी त्या गृहस्थांना सगळं समजावून सांगितलं. सोमनाथच्या वडिलांनी शांतपणे ऐकलं.

"न्या गुरुजी," ते म्हणाले, "पण आवणीला पोराला घरी धाडा. भात लावायला हात कमी पडत्यात."

"धाडीन," सर म्हणाले.

सोमनाथ सरांच्या घरी राहिला. शैलावहिनी त्याच्यासाठी नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी करायला शिकल्या. पहिल्या काही भाकऱ्यांचे तुकडेच तुकडे झाले आणि ते आम्हीही खाल्ले. दर पावसाळ्यात आवणी सुरू झाली की सर स्वतः त्याला गाडीत बसवून देत. एका वर्षी आमचा अंतिम सामना नेमका त्याच दिवसांत आला. साऱ्या क्लबने विनवण्या केल्या. मीही केल्या. सर म्हणाले, "मी बांधावर बसून शब्द दिला होता, मुकुंदा. तूही होतास." सोमनाथ भात लावायला गेला आणि आम्ही सडकून हरलो. परतीच्या वाटेवर सर सोडून सगळ्यांची तोंडं सुतकी होती. असा हा शब्दाचा पक्का माणूस स्वतःच्या खेळण्याबद्दल इतका गप्प का, हेच मला स्वस्थ बसू देत नसे.

आता गेल्या दसऱ्याची गोष्ट. आमच्या क्लबात दसऱ्याला बुटांची पूजा असते. पाटावर चेंडू, त्याला झेंडूची माळ, आणि समोर ओळीने बूट. नियम एकच, येत्या मोसमात ज्याला खेळायचं आहे त्यानेच बूट मांडायचे. सर शिट्टी ठेवतात. सोमनाथ बाहेरच्या मोठ्या संघाकडून खेळू लागल्यापासूनही दसरा शक्यतो चुकवत नाही. त्या वर्षी तर त्याच्यासारखा खेळ कुणाचाच झाला नव्हता. तिशी ओलांडूनही पोरगा वाऱ्यासारखा धावत होता. तो आला, सगळ्यांना भेटला. बूट मांडायची वेळ आली तेव्हा बॅग खांद्यावर तशीच.

"काढ ना बूट," चिटणीस म्हणाले.

"नाय काका. यंदा नाय मांडत."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग कळलं आणि लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. शिखरावर थांबला, सरांचा शिष्य शोभतो, वगैरे. एकाने लगेच ओळखीच्या पत्रकाराला फोन लावला. सोमनाथ सरांच्या पाया पडला आणि म्हणाला, "सर, तुमच्यासारखंच थांबायचं ठरवलं. संघवाल्यांना उद्या कळवतो."

मला राहवलं नाही. "पायाला काही झालंय का रे?"

"नाय काका."

"खेळाचा कंटाळा आला?"

तो खाली बघू लागला. "कंटाळा कसा येईल? पण आता सगळे नाव घेत्यात. दोन वर्षांनी तेच लोक शिव्या घालतील. ते ऐकायचं नाय मला. सरांनी कुठं ऐकलं?"

मी सरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. हातातली शिट्टी त्यांनी पाटावर ठेवलीच नाही. आपलं बघून एक चांगला खेळाडू उद्या सकाळी खेळ सोडणार, आणि समोर माणसं टाळ्या वाजवताहेत, हे सगळं त्यांना दिसत होतं.

"सोमनाथ, मी नानांबद्दल तुला कधी सांगितलं नाही," ते म्हणाले.

नाना म्हणजे आमच्या आधीचे क्लबचे सेंटर फॉरवर्ड. सरांनी सांगितलं ते मला ठाऊक होतं, कारण मी त्या दिवशी मैदानावर होतो. पण ते सरांच्या तोंडून मी प्रथमच ऐकत होतो. नानांचे पाय थकले होते. एका सामन्यात त्यांच्याकडून दोन सोपे गोल हुकले आणि लोक ओरडू लागले, म्हातारं बाहेर काढा. त्यांना बाहेर काढलं आणि त्यांच्या जागी रमाकांतरावांना आत पाठवलं.

"रेषेवर नाना मला भेटले," सर म्हणाले. "त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. पण माझ्या कानात ते ओरडणंच राहिलं. पुढे मी चांगला खेळायला लागलो तसा रोज वाटायचं, आता माझी पाळी कधी? शेवटी ती यायच्या आत पळालो. मी शहाणपणाने थांबलो नाही रे. मी भ्यालो. लोक शहाणा म्हणाले, आणि मी म्हणू दिलं."

पत्रकाराला फोन लावणारे गृहस्थ फोन हातात धरून तसेच उभे होते.

"आणि नाना?" सोमनाथने विचारलं.

"नाना पुढच्या रविवारी परत खेळायला आले. हातपाय चालत होते तोवर दर रविवारी येत राहिले, पोरासोरांत. मला हाका मारायचे. मी एकदाही आत गेलो नाही. मला त्यांची कीव यायची." सर थांबले. "कीव कुणाची करायला हवी होती, ते आता कळतंय."

मग त्यांनी जे केलं त्यावर माझा अजून विश्वास बसत नाही. ते रेषेपाशी गेले. चपला काढल्या, देवळाबाहेर काढाव्यात तशा, नीट जोडीने ठेवल्या. धोतराचा काचा मारला, कारण पूजेसाठी ते धोतर नेसून आले होते. आणि फक्कीवर पाय पडणार नाही अशा बेताने आत गेले. मैदानाच्या मधे उभं राहून मला म्हणाले, "मुकुंदा, चेंडू दे."

मी पाटावरचा चेंडू उचलला, माळ काढली. देवाची माफी मागायचंही सुचलं नाही. हलकेच चेंडू दिला. तो त्यांच्या दोन पायांमधून निघून गेला. दुसऱ्यांदा दिला, तो मारायला गेले आणि सपशेल गवतावर बसले. कठड्यावर बसलेल्यांपैकी कुणीतरी मोठ्याने हसलं. "आजोबा, जरा बेतानं."

मी त्यांना उठवायला धावलो. सर मात्र बसल्या जागी हसत होते. खदखदून. मी त्यांना असं हसताना गोल केल्यावरही पाहिलं नव्हतं.

"ऐकलंस का, सोमनाथ?" ते म्हणाले. "हेच ऐकायला नको म्हणून मी आयुष्यभर बाहेर उभा राहिलो. एवढंच होतं बघ ते."

सोमनाथने बॅग उघडली. बूट काढले, पण पाटाकडे नेले नाहीत. पायात घातले आणि आत धावला. मग आम्ही सगळेच गेलो. पूजा तासभर लांबली. भटजी म्हणजे सरच असल्यामुळे कुणी तक्रार केली नाही. शेवटी सोमनाथने मातीने भरलेले ते बूट ओळीत मांडले आणि शैलावहिनींनी चिखलावरच हळदकुंकू वाहिलं.

इथे लेख संपवला असता तर छान झालं असतं. पण मला चैन नाही. सोमनाथ यंदा खेळतोय हे आपण सगळे पाहतो आहोत, आणि कसा खेळतोय तेही. सुरुवातीचे सामने त्याला बाकावर बसवलं. एकदा उत्तरार्धात आत सोडलं आणि त्याने समोरचा गोल हुकवला. त्याबरोबर फोनवर लोकांनी त्याची सालटी काढली, आता बस कर, शोभा करून घेऊ नकोस. मी ते वाचत बसलो. आपण एका पोराला मानाने जाऊ दिलं नाही, असं वाटू लागलं. सरांना फोन केला.

"आपण त्याला चुकीचं तर सांगितलं नाही ना?"

"मी त्याला खेळ असं म्हटलंच नाही," सर म्हणाले. "माझ्याकडे बघून थांबू नको, एवढंच म्हटलं. थांबायचं झालं तर तो स्वतःच्या कारणाने थांबेल."

"पण लोक काय काय बोलताहेत..."

"त्याचा फोन आला होता. म्हणाला, सर, लय शिव्या पडल्या. मी विचारलं, झोप लागली का? म्हणाला, लागली. मला खेळ सोडला त्या रात्रीपासून कधी नीट लागली नव्हती, मुकुंदा."

माझं समाधान झालं का? पूर्ण नाही. शिखरावर थांबणं चांगलं की उतार चालून येणं चांगलं, हे मला अजून ठरवता येत नाही, आणि समितीने दिलेल्या विषयाला मी न्याय देऊ शकलो नाही, याबद्दल क्षमस्व. मुखपृष्ठाचं छायाचित्र मात्र बदलता आलं तर पाहावं. माझ्याकडे दसऱ्याचं एक आहे. त्यात सर गवतावर बसलेले आहेत.

हल्ली दर रविवारी सकाळी सर आत येतात. बूट नवे घेतले आहेत. चेंडू त्यांना दिसतो उशिरा आणि पळतात त्याहून उशिरा, पण गोलावरची नजर तीच आहे. गेल्या रविवारी त्यांनी गोल केला. स्वच्छ ऑफसाइड होता. त्यांच्या वयाकडे बघून कुणी बोललं नाही, म्हणून मी बोललो. मैदानात भांडण झालं, ते पुढे मिसळ खातानाही मिटलं नाही, आणि कित्येक वर्षांनी मी घरी येऊन पोटभर जेवलो.

रमाकांतरावांना उदंड आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे शाबूत राहोत, वहिनींची साथ राहो, आणि कठड्यावरून हसणारी माणसंही राहोत. माझ्यासाठी देवाकडे एवढंच मागणं आहे. ते मधे उभे राहून "मुकुंदा, चेंडू दे" म्हणतील, तेव्हा तो त्यांच्यापर्यंत पोचेल इतकं बळ माझ्या डाव्या पायात शेवटपर्यंत असावं.