विचारणारी फायरवॉल

आमची लेक पुण्याहून दर रविवारी आमच्या धुळ्याच्या घरी यायची, ती कॉम्प्युटरमधून. तिनेच टाकून दिलेल्या एका प्रोग्रॅममुळे तिला तिथे बसून आमचा माउस फिरवता यायचा. पडद्यावरचा बाण आपोआप हलला की हे माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवायचे आणि मला हाक मारून ती आल्याचं सांगायचे, "पोर उनी." ती सगळी साफसफाई करायची आणि जाताना पडद्यावर एक कोरं पान उघडून त्यावर टाइप करून माझी हजेरी घ्यायची. आई, दिसेल त्या जाहिरातीवर बोट ठेवायची तुझी खोड काही जायची नाही.

मग साध्या तापाचं निमित्त झालं. डेंग्यू निघाला, आणि ती गेली.

वर्षश्राद्ध होईस्तोवर कॉम्प्युटर जाहिरातींनी भरून गेला. पाचव्या गल्लीतला दुकानदार म्हणाला, चांगली फायरवॉल टाका, कॉम्प्युटरच्या दारावर पहारा ठेवणारा प्रोग्रॅम असतो तो. त्याच्याकडे दोन होत्या. एक मुकाट्याने आपलं आपण ठरवणारी, दुसरी प्रत्येक गोष्ट विचारणारी. दुसरीला लोक कंटाळतात, काकू, पहिलीच न्या, असं त्याचं मत. मी जात्याच खाष्ट. माझ्या घरात कोण येणार ते मी ठरवीन म्हटलं, आणि विचारणारीच घेतली.

घरी सुरू केल्यावर तिचा पहिलाच प्रश्न : या प्रोग्रॅमला बाहेरून आत येऊ द्यायचं का? तो लेकीचा प्रोग्रॅम होता. बाहेरून येणारं काही उघडं ठेवू नका, चोर तिथूनच शिरतात, असं दुकानदाराने बजावलं होतं. खाली 'हो', 'नाही' आणि एक छोटा चौकोन, 'हेच उत्तर लक्षात ठेवा'.

हे माझ्या पाठीशी उभे होते. "नको बंद करू," म्हणाले. "तिनी येवानी वाट शे ती."

मला रागच आला. आता कोण येणार आहे त्या वाटेने, असं मी ताडकन बोलून गेले, आणि बोलल्याबरोबर मलाच रडू आवरेना. हे बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

मी 'नाही' दाबलं. चौकोनात खूण मात्र केली नाही.

वर्ष सरलं की लोक विचारायचं सोडतात. बाजारात भेटणाऱ्या बाया आधी लेकीचा विषय काढायच्या, आता भरताच्या वांग्यांचं बोलतात. त्यांचंही बरोबर आहे. कॉम्प्युटर लावला की फायरवॉल तेवढी विचारते, तिला येऊ द्यायचं का. मी नाही म्हणते आणि चौकोन रिकामा ठेवते, म्हणजे उद्या पुन्हा विचारील.