बाई ‘आई’पाशी थांबायच्या

साळवेबाईंनी ते वाक्य पुन्हा म्हटलं, तसा त्यांचा मुलगा सॅम्युएल चहा अर्धवट टाकून किचनमध्ये निघून गेला.

“द्वेष करावा आपल्या बापाचा आणि आईचा...” एवढं म्हणून बाई नेहमीसारख्या थांबल्या. डाव्या हाताने त्यांनी खुर्चीवर चापट मारली. उजवा हात हलत नव्हता.

मी स्पीच थेरपिस्ट. तेव्हा होम व्हिजिट्स करायचे. बेडोकचा हा फ्लॅट माझा लाडका, कारण सिंगापूरमध्ये मराठीत थेरपी द्यायला मिळाली ती फक्त इथे. बाई नगरच्या. शाळेत शिकवायच्या, रविवारी चर्चमध्ये लहान मुलांचा वर्ग घ्यायच्या. नवरा गेल्यावर मुलाकडे आल्या आणि इथे स्ट्रोक आला. त्यातून अफेझिया झाला. म्हणजे समोरच्याचं कळतं, मनात काय म्हणायचंय तेही पक्कं असतं, पण शब्द तोंडात येत नाही. ‘पाणी’ म्हणायला गेल्या की नुसता ‘प’ यायचा.

पाठ केलेलं मात्र सगळं बाहेर पडायचं. प्रार्थना, गाणी, पाढे. याला आम्ही ऑटोमॅटिक स्पीच म्हणतो. मी ‘बे एके बे’ सुरू करून द्यायचे आणि बाई नगरी हेल काढून पाढा पुरा करायच्या. दिवसभर इंग्लिश आणि मँडरिन ऐकलेल्या कानांना इतकं बरं वाटायचं, की मी मुद्दाम अजून एक पाढा म्हणवून घ्यायचे.

त्या वाक्याबद्दल सुपरवायझरला विचारलं होतं. ती इथल्या सिंगापुरी ढबीत म्हणाली, “ऑटोमॅटिक स्पीच, लाह. फार अर्थ काढू नकोस.”

मी किचनमध्ये गेले. सॅम्युएल सिंकपाशी उभा होता.

“बायबलमधलं आहे ते,” तो म्हणाला. “येशू म्हणतो, माझ्यामागे यायचं तर आईबापाचा द्वेष करावा लागेल. लहानपणी मला या ओळीची भीती वाटायची. शत्रूवरही प्रेम करा म्हणणारा असं कसं बोलेल? आणि आता आई तेच माझ्या तोंडावर म्हणते. मी तिचा द्वेष करतो, असं वाटतंय तिला.”

“तसं का वाटेल?”

तो सिंकला टेकला. मग सांगू लागला. बायकोला मेलबर्नला नोकरी लागली, ती मुलीला घेऊन पुढे गेली. तो मागून जाणार, तेवढ्यात आईचा हा स्ट्रोक. जाणं लांबत गेलं. मुलगी हल्ली फोनवर यायलाच तयार नसायची.

“आज आईसमोरच बायकोला सांगितलं, मी येत नाही. आईला सोडून नाही येणार.”

“ती ओळ ‘आई’पाशीच संपते का?”

“नाही. पुढे बायको, मुलं, भाऊ, बहिणी, शेवटी स्वतःचा जीवसुद्धा. आईला अख्खी पाठ आहे.”

मी चमकले. पाढा सुरू झाला की तो दहापर्यंत गेल्याशिवाय बाईंना थांबवता यायचा नाही. ऑटोमॅटिक स्पीच असंच धावतं. मध्येच थांबायला ताबा लागतो. बाई रोज त्याच शब्दावर थांबत असतील, तर त्या मुद्दाम थांबत होत्या.

“मुलांना ही ओळ कशी शिकवायच्या त्या?”

सॅम्युएलला आठवायला वेळ लागला. “दोघांना पुढेमागे उभं करायची. विचारायची, मागचा नावडता आहे का रे? मग सांगायची, त्या लोकांच्या बोलण्यात एकाला पुढे ठेवलं की दुसऱ्याचा द्वेष केला असंच म्हणायची रीत होती. राग नाही, नुसतं मागे उभं करणं.”

बोलता बोलता त्याने बाहेर आईच्या खुर्चीकडे पाहिलं.

आम्ही बाहेर आलो. बाईंचा होकार-नकार अंगठ्याने चालायचा.

“बाई, सॅम्युएलवर रागावलात?”

अंगठा खाली.

“त्याने मेलबर्नला जावं?”

अंगठा वर. लगेच.

नावं घेण्याच्या सरावासाठी घरच्यांचे फोटो टेबलावर मांडले होते. बाईंनी सून आणि नात पुढे सरकवल्या. स्वतःचा फोटो मागे ओढला आणि धाकट्या बहिणीच्या फोटोशेजारी नेऊन ठेवला.

“मावशीकडे? नगरला?” सॅम्युएलने विचारलं.

अंगठा वर.

“मावशी पहिल्यापासून म्हणतेय, आक्काला माझ्याकडे पाठव,” तो मला म्हणाला. “मीच नको म्हणालो. आईला पाठवून दिलं असं होईल.”

“तुम्ही कुठे पाठवताय? त्या जातायत.”

तो आईच्या पायाशी फरशीवर बसला. बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, ओठ जुळवले, बरीच खटपट केली आणि म्हणाल्या, “जा.” पाठ नसलेला, स्वतःचा असा तो त्यांचा पहिला शब्द. केस रिपोर्टमध्ये मी त्याला प्रगती म्हटलं. खोलीत तेव्हा कोणाला तसं वाटत नव्हतं.

डॉक्टरांनी प्रवासाची परवानगी दिल्यावर सॅम्युएल त्यांना नगरला सोडून आला आणि मेलबर्नला गेला. पुढे बराच काळ मी त्यांना व्हिडिओ कॉलवर सराव द्यायचे. मागून मावशींचा आवाज यायचा, “आक्के, पाढे पुरे, भाजी कोणती करू ते सांग.” भाज्यांची नावं बाई माझ्यापेक्षा मावशींकडेच जास्त शिकल्या.

आता मी सिंगापूरमध्येच, जुरोंग ईस्टच्या क्लिनिकमध्ये असते. पेशंट चांगले आहेत, पण ‘बे एके बे’ कोणी म्हणत नाही. हाताखालच्या ट्रेनींना एवढंच सांगते, पेशंट काय बोलतो ते लिहिताच, कुठे थांबतो तेही लिहा. रिपोर्टच्या फॉर्मवर त्याला रकाना नाही. समासात लिहा.